कोणता फ्रान्स, कोणता चीन : शू बेइहोंग यांच्या निमित्ताने

कलेविषयी लिहिताना 'संगम', 'मिलाफ', 'समन्वय' हे शब्द फार सहज हाताशी येतात. चित्रकार पूर्वेकडचा असला आणि पॅरिसला शिकून आला असला की त्याच्या चित्रांत पूर्व-पश्चिमेचा संगम झाला असे लिहून आपण मोकळे होतो. पण संगम नद्यांचा होतो. नद्यांना तो करावा लागत नाही; उतार असला की पुरते. परंपरांना असा उतार नसतो. त्या शेजारी शेजारी शतकानुशतके राहू शकतात आणि एकमेकींत मिसळत नाहीत. त्या मिसळल्या असतील तर कोणीतरी कशासाठी तरी त्या मिसळलेल्या असतात.

आम्ही राहतो त्या होटगीला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. मुंबईहून मद्रासकडे जाणारा ब्रॉडगेज मार्ग आणि १८८४ साली सुरू झालेला गदगकडचा मीटरगेज मार्ग येथे भेटत. नकाशावर तो संगमच होता. प्रत्यक्षात एका मार्गाच्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट, दुसऱ्याच्या जेमतेम सव्वातीन फूट. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर जाणे शक्यच नव्हते. माल उतरवायचा, पाठीवर घ्यायचा आणि पलीकडच्या डब्यात पुन्हा भरायचा. जंक्शन म्हणजे प्रत्यक्षात हमालांची पाठ होती. पुढे गदगचा मार्गही ब्रॉडगेज झाला आणि ही कसरत संपली. पण दोन परंपरांमध्ये काम करणाऱ्या कलावंताचा विचार करताना आम्हांला नदीपेक्षा हे जंक्शन अधिक खरे वाटते. काय उतरवून घ्यायचे, काय तसेच फलाटावर सोडायचे, हे तेथे कोणाला तरी ठरवावेच लागते.

शू बेइहोंग (१८९५-१९५३) हे आधुनिक चीनमधले असे ठरवणारे एक प्रमुख चित्रकार. धावत्या घोड्यांच्या त्यांच्या शाईचित्रांच्या नकला जगभर भिंतींवर लागल्या. १९७८ मध्ये चीनने त्यांच्या घोड्यांची टपाल तिकिटेही काढली. सोलापूर जिल्ह्यातून त्यांच्याकडे पाहण्यास आमच्यापाशी दोन कारणे आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच युद्धामुळे, कोटणीस चीनमध्ये असतानाच, एक चिनी चित्रकार भारतात आला होता आणि आपले एक महत्त्वाचे चित्र त्याने दार्जिलिंगला पुरे केले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हे पहिले कारण. दुसरे कारण पंढरपूरला १९१५ मध्ये जन्मलेल्या आणि जन्मभर घोडे रंगविणाऱ्या एका चित्रकाराचे; त्यांच्याकडे आम्ही शेवटी येऊ.

शू यांचा जन्म ज्यांगसू प्रांतातल्या यीशिंग परिसरातला. वडील गावोगाव चित्रे काढून, अक्षरे लिहून उदरनिर्वाह करणारे. मुलाचे पहिले शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. वडिलांच्या मृत्यूनंतर १९१५ मध्ये ते शांघायला आले, १९१७ मध्ये काही महिने जपानला जाऊन आले आणि १९१८ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले. कुलगुरू त्साय युआनपेइ यांच्या प्रोत्साहनाने हे विद्यापीठ तेव्हा नव्या चीनच्या विचारांचे केंद्र बनले होते. राज्यक्रांती होऊन राजेशाही संपलेली, पण देश दुबळा आणि परकीयांच्या दबावाखाली. आपले काय चुकले, हा प्रश्न प्रत्येक क्षेत्रात विचारला जात होता. चित्रकलेपुरते शू यांनी दिलेले उत्तर असे होते की, चिनी चित्रकार निसर्गाकडे पाहीनासे झाले आहेत. ते जुन्या गुरूंच्या चित्रांच्या नकलांच्या नकला करतात. परंपरेतले जे उत्तम आहे ते राखावे, जे मरू घातले आहे ते सावरावे, उणे असेल तेथे भर घालावी आणि पाश्चात्त्य कलेतले जे घेता येईल ते सामावून घ्यावे, असा त्यांचा कार्यक्रम होता. तेविसाव्या वर्षी आखलेला हा कार्यक्रम त्यांनी पुढे फारसा बदलला नाही.

१९१९ मध्ये ते पॅरिसला पोहोचले. एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत फ्रांस्वा फ्लामेंग हे त्यांचे शिक्षक. शाळेबाहेर पास्काल दान्याँ-बुव्हरे या वयोवृद्ध चित्रकाराकडे ते नियमित जात, आणि आपल्याला खरे मार्गदर्शन तेथे मिळाले असे मानीत. चीनहून येणारी शिष्यवृत्ती अधूनमधून थांबे. १९२१ मध्ये ते बर्लिनला गेले, कारण घसरत्या मार्कमुळे परकीय चलन असणाऱ्याला तेथे स्वस्तात राहता येई. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहांसमोर बसून त्यांनी रेखाटनांमागून रेखाटने केली. १९२७ मध्ये ते मायदेशी परतले.

आता येथे थोडे थांबले पाहिजे. शू यांच्या पॅरिसमधल्या वास्तव्याच्या आरंभी सेझानला जाऊन तेरा वर्षे झाली होती. मातीस आणि पिकासो प्रसिद्ध होते. जगभरचे तरुण चित्रकार ज्या पॅरिससाठी येत होते, ते हे पॅरिस. शू यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यांनी निवडला तो मागच्या पिढीचा फ्रान्स : नग्न मानवी देहाचा कोळशाने केलेला काटेकोर अभ्यास, शरीरशास्त्र, छायाप्रकाश, अनेक आकृत्यांची इतिहासचित्रे. पॅरिसच्या नव्या मंडळींनी जे अडगळीत टाकले होते, तेच या पाहुण्याने उचलले.

हे अज्ञानातून घडले नव्हते. १९२९ मध्ये शांघायला चीनचे पहिले राष्ट्रीय कलाप्रदर्शन भरले, त्या वेळी शू यांनी सेझान आणि मातीस यांच्यावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. त्यांना उत्तर देणारे होते कवी शू चिमो. रवींद्रनाथ १९२४ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांचे दुभाषी झालेले हेच. कवीचे म्हणणे असे की, सेझानच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे अन्यायाचे आहे आणि नव्याची दारे अशी बंद करू नयेत. आज तो वाद वाचणाऱ्याला कवीची बाजू बरोबर वाटते, आम्हांलाही वाटते. पण चित्रकाराची निकड समजून घ्यायला हवी. युरोपीय चित्रकार वास्तवदर्शनाला कंटाळला, कारण चारशे वर्षे त्याने ते भोगले होते. चिनी परंपरेत रेषा होती, रिकाम्या जागेचे ज्ञान होते, शाईच्या अगणित छटा होत्या. पण उपाशी माणसाच्या देहाचे वजन दाखविण्याची सोय तिच्यात नाही, असे शू यांना वाटत होते. ज्याच्या घरात अजून भांडीच आलेली नाहीत, त्याला ती फोडण्याची मौज कशी कळावी?

परतल्यावर त्यांनी मोठी तैलचित्रे रंगविली. शरणागतीपेक्षा मरण पत्करणाऱ्या त्येन हंग आणि त्याच्या पाचशे अनुयायांचे चित्र (१९२८-३०) हे त्यांपैकी प्रसिद्ध. कथा चिनी, मांडणी फ्रेंच इतिहासचित्राची. जपानी आक्रमणाच्या सावलीत त्या विषयाचा अर्थ कोणालाही कळत होता. तरीही चित्र म्हणून ते आम्हांला जड वाटते. आकृत्या रंगमंचावर उभ्या केल्यासारख्या दिसतात. प्रत्येकाचा हावभाव जणू आधी ठरवून दिलेला. येथे माल एका डब्यातून दुसऱ्यात गेला आहे, पण गाठोडे सुटलेले नाही.

घोड्यांच्या शाईचित्रांत ते सुटले. चिनी चित्रकलेत घोडा फार जुना. थांग काळातले हान गान आणि सुंग काळातले ली गोंगलिन यांचे घोडे विख्यात आहेत. पण ते बहुधा बाजूने दिसतात, रेषेत बांधलेले असतात आणि पुष्कळदा त्यांच्याजवळ मोतद्दार उभा असतो. शू यांचा घोडा समोरून अंगावर येतो. छाती पुढे, मागचा देह आखडत गेलेला. युरोपीय चित्रकार ज्याला आखूड दर्शन म्हणतात, ते शाईच्या दोन-चार ओल्या फटकाऱ्यांत साधलेले. छातीवरचा उजेड पांढऱ्या रंगाने काढलेला नसून कोऱ्या ठेवलेल्या कागदाचा आहे. आयाळ आणि शेपूट कोरड्या कुंचल्याने ओढलेली. अंगावर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही.

हे कसे साधले असेल, याचा विचार करताना आम्हांला आपल्याकडच्या रियाजाची आणि मैफलीची आठवण होते. चिनी कागद शाई तत्काळ शोषून घेतो. त्यावर खोडता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही. उलट युरोपीय रेखाटन खोडण्यातून आणि दुरुस्तीतूनच घडते. या दोन पद्धती एकाच कागदावर एकाच वेळी नांदू शकत नाहीत. म्हणून शू यांनी त्या काळात विभागल्या. हाडे, सांधे, स्नायू यांचा वर्षानुवर्षे केलेला अभ्यास हा फ्रेंच रियाज. प्रत्यक्ष चित्र ही काही मिनिटांची चिनी मैफल. मैफलीत रियाज दिसता कामा नये, पण तो नसेल तर पहिल्याच तानेला कळते. त्यांच्या घोड्याच्या गुडघ्यात जो भरवसा आहे, तो तेथून आलेला.

त्यांना केवळ पश्चिमेचे पाईक म्हणणेही चुकीचे ठरेल. सुतारकामापासून सुरुवात केलेले, विद्वानांच्या वर्तुळाबाहेरचे ची बाइशी यांना पेइचिंगच्या कलाशाळेत शिकवायला बोलावणारे शूच होते. १९३३ मध्ये चिनी चित्रांचे मोठे प्रदर्शन घेऊन ते पॅरिसला गेले, आणि तेथून युरोपातल्या इतर शहरांतही. ज्या फ्रान्सकडून घेतले, त्याला आपले दाखविण्याचीही त्यांना तितकीच आस होती.

१९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. सिंगापूरला चित्रप्रदर्शने भरवून मिळालेला पैसा शू यांनी युद्धपीडितांसाठी दिला, आणि १९३९ च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून ते शांतिनिकेतनला आले. तेथे १९३७ मध्येच चीन भवन उघडले होते. शांतिनिकेतन आणि कलकत्ता येथे त्यांची प्रदर्शने झाली. १९४० च्या फेब्रुवारीत गांधीजी शांतिनिकेतनला आले तेव्हा शू यांनी त्यांचे रेखाचित्र काढले. रवींद्रनाथांचेही व्यक्तिचित्र केले.

या भेटीतला एक विरोधाभास आम्हांला फार बोलका वाटतो. शू ज्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडून पॅरिसला गेले, ते आपल्याकडे घरपोच आले होते. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाशाचे धडे दिले जात. धुरंधर, हळदणकर यांच्यासारखे मराठी चित्रकार त्या विद्येत पारंगत झाले. पण ती विद्या राज्यकर्त्याची होती. म्हणूनच बंगालमधल्या चित्रकारांना तिच्यापासून सुटका हवीशी वाटली, आणि सुटकेसाठी त्यांनी ज्या दिशांना पाहिले त्यांत एक दिशा चीन-जपानची होती. १९०३ मध्ये जपानी चित्रकार कलकत्त्यास येऊन राहिले. १९२४ मध्ये नंदलाल बसू रवींद्रनाथांबरोबर चीनला गेले. शांतिनिकेतनातला चित्रकार शाई-कुंचल्यात मुक्ती शोधत होता आणि त्याच्यासमोर आलेला चिनी पाहुणा कोळशाच्या रेखाटनात!

यात चूक कोणाची? आमच्या मते कोणाचीच नाही. एकच विद्या एका देशात जोखड असते, दुसऱ्या देशात हत्यार. ती कोणी आणली, कोणाच्या इच्छेने आणली, यावर ते ठरते. भारतीयावर ती लादली गेली होती, शू यांनी ती स्वतः निवडली होती. उलट चिनी शाई शू यांच्यासाठी वाडवडिलांचे ओझे होती, नंदलालांसाठी मोकळी हवा. 'प्रभाव' हा शब्द या फरकाविषयी काहीच सांगत नाही.

१९४० मध्ये दार्जिलिंगला शू यांनी 'डोंगर हलविणारा खुळा म्हातारा' हे सुमारे चार मीटर रुंदीचे चित्र पुरे केले. कथा 'लिएझी' या प्राचीन ग्रंथातली. नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या दारासमोर दोन डोंगर. तो मुलानातवंडांसह ते खणू लागतो. लोक हसतात. तो म्हणतो, मी मरेन, पण मुले खणतील, त्यांची मुले खणतील; डोंगर काही वाढणार नाहीत. युद्धात होरपळणाऱ्या देशाला हे सांगण्याची गरज उघड होती. चित्रात उघड्या अंगाचे धिप्पाड पुरुष कुदळी उगारून उभे आहेत. देहांची बाह्यरेषा चिनी कुंचल्याची, आतले स्नायू पॅरिसचे. आणि ते देह? त्यांतले अनेक भारतीय माणसांना समोर ठेवून काढलेले. चेहरे-बांधे चिनी नाहीत, हे चटकन लक्षात येते.

त्येन हंगच्या चित्रात जो नाटकीपणा होता तो येथे जवळजवळ नाही, कारण येथे पोझ नाही, काम आहे. कुदळ उगारलेल्या माणसाचा तोल कोणी शिकवावा लागत नाही. चिनी कथा, फ्रेंच शरीरशास्त्र आणि भारतीय कष्टकऱ्याची पाठ, या तिन्ही गोष्टी एका निकडीने येथे एकत्र आल्या. मिसळण आहे असे कोणी सांगेपर्यंत ती जाणवत नाही. पुढे १९४५ मध्ये माओ त्से-तुंग यांनी हीच कथा आपल्या भाषणात सांगितली आणि ती चीनभर घोषवाक्यासारखी झाली. शू यांचे चित्र त्याआधीचे आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

निवडीची किंमत मात्र नंतर चुकवावी लागली, आणि ती शू यांच्यापेक्षा इतरांनी चुकवली. शू यांच्याच पिढीतले लिन फंगम्येन हेही फ्रान्सला शिकले. त्यांनी निवडला तो मातीसचा फ्रान्स. हांगचौ येथे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या कलाशाळेचे ते प्रमुख. त्यांच्या शिष्यांपैकी झाओ वू-की १९४८ मध्ये पॅरिसला गेले, तेथेच राहिले, आणि चिनी निसर्गचित्रातला अवकाश त्यांनी अमूर्त तैलचित्रात नेऊन जगभर नाव मिळवले. मायदेशात चित्र उलटे होते. १९४९ नंतर शू पेइचिंगच्या मध्यवर्ती कला अकादमीचे प्रमुख झाले. १९५३ मध्ये ते वारले. त्यांचा वास्तववाद सोव्हिएत धर्तीच्या अधिकृत वास्तववादाशी जुळवला गेला. १९५५ मध्ये सोव्हिएत चित्रकार माक्सिमोव्ह त्याच अकादमीत तैलचित्रण शिकवू लागले. एका माणसाने मोकळेपणी केलेली निवड पुढच्या पिढीची सक्ती झाली. सांस्कृतिक क्रांतीत लिन फंगम्येन यांनी आपली शेकडो चित्रे स्वतःच्या हाताने नष्ट केली. तरीही त्यांना चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. १९२९ च्या वादात चित्रकाराने जे दार बंद असावे असे म्हटले होते, ते सत्तेने खरोखरच बंद केले. कलेतल्या मतभेदाला राज्याचे कुलूप लागले की काय होते, त्याचा हा धडा आहे.

आता पंढरपूर. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि मकबूल फिदा हुसेन हे त्यातले चित्रकार-शिल्पकार. शू यांनी नाकारलेला फ्रान्स यांनी उचलला : सेझान, मातीस, पिकासो. रझा तर १९५० मध्ये एकोल दे बोझारमध्येच दाखल झाले, पण शू यांनी तेथे जे शोधले त्याच्या अगदी उलट काही शोधायला. हुसेन पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी चीनला जाऊन आले. या प्रवासात ची बाइशी आणि शू बेइहोंग यांच्याशी भेट झाल्याचे त्यांची चरित्रे नोंदवतात. हुसेन यांच्या घोड्याची मुळे अभ्यासक अनेक सांगतात. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल आहे, युरोपीय शिल्पांतले घोडे आहेत, आणि चिनी शाईतला घोडाही आहे.

दोन्ही घोडे शेजारी ठेवून पाहावेत. हुसेन यांच्या घोड्याला शरीरशास्त्राची पर्वा नाही; मान पिळवटलेली, जबडा उघडा, खूर हवेत. पण एका दमात ओढलेली रेषा, रिकाम्या जागेवरचा विश्वास आणि लगामाचा अभाव हे सारे तेथे आहे. शू यांनी फ्रान्समधून जे आणले ते हुसेन यांनी फलाटावर सोडले. शू यांनी ज्याला पुरेसे मानले नाही ते शाईचे चापल्य घेतले. एकाच जंक्शनवरून दोघांनी वेगळा माल उचलला, आणि दोघांचेही गाठोडे सुटले. हुसेन यांच्या वाट्याला अखेरच्या वर्षांत देशाबाहेरचे आयुष्य आले. २०११ मध्ये लंडनला ते वारले. त्यांच्या एका निवडीवरून उठलेल्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. लिन फंगम्येन यांच्यासंबंधी वर जे लिहिले ते वाचताना मात्र वाचकाला तो आठवल्यावाचून राहणार नाही.

१९६२ च्या युद्धानंतर चीनविषयीचे आपले कुतूहल आटले. कोटणीस स्मरणात राहिले, कारण ते आपले होते. शू बेइहोंग विसरले गेले, कारण ते पाहुणे होते. पण पाहुण्याने येथून काय नेले, हे घरच्याला ठाऊक असले पाहिजे. पेइचिंगच्या ज्या संग्रहालयाला शू यांचे नाव आहे, त्या परंपरेतल्या एका थोर चित्रात आपल्या मातीतली माणसे कुदळ उगारून उभी आहेत. ती माणसे कोण होती, त्यांची नावे काय, हे चित्र सांगत नाही. त्यांच्या पाठी तेवढ्या ओळखीच्या वाटतात.